गाडीतला कोळसा जहाजात ओतायचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

होटगी_लूप यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सोलापूर विभागातून मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झालो. दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, होटगी, वाडी ह्या पट्ट्यात नोकरी गेली. त्यामुळे कोळशाचा रेक (म्हणजे अख्खी मालगाडी) म्हटला की आपोआप मान वळते, घरचे हसतात.

मुलगी मिनियापोलिसला असते. यंदा तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी डुलुथला नेलं. लेक सुपीरिअरच्या अगदी पश्चिम टोकाला हे गाव, आणि खाडीपलीकडे विस्कॉन्सिन राज्यातलं सुपीरिअर गाव. डुलुथच्या टेकडीवरून दुर्बीण लावली तर समोर काळाकुट्ट ढीग, इतका मोठा की त्यावर फिरणारे डोझर खेळण्यातले वाटावेत. ढिगापासून पट्टे निघून धक्क्यापर्यंत गेलेले, आणि धक्क्याला जहाज. ते जहाज दुपारनंतर निघालं आणि डुलुथच्या उचल-पुलाखालून तळ्यात गेलं. जहाजाने भोंगा दिला, पुलाने उलट भोंगा दिला, काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाव वाचलं: पॉल आर. ट्रेगुर्था. लांबी हजार फुटांच्या वर. आपल्याकडचा अख्खा बॉक्स-एन (उघड्या मालडब्यांचा) रेक साधारण दोन हजार फुटांचा, म्हणजे अर्धा रेक एका जहाजाच्या लांबीत बसला!

जावयांनी सांगितलं की हा कोळसा माँटाना-वायोमिंगच्या खाणींतून रेल्वेने येतो आणि इथून जहाजाने मिशिगनच्या वीजकेंद्रांना जातो. आता मला पडलेले प्रश्न.

गाडी एवढी लांब आलीच आहे, तर सरळ वीजकेंद्रापर्यंत का नेत नाहीत? मध्ये उतरवायचा, ढीग करायचा, परत उचलायचा, जहाजात भरायचा, तिकडे परत उतरवायचा. आमच्याकडे एका जंक्शनला रेक चार तास जास्त थांबला तरी कंट्रोलचा फोन यायचा.

दुसरं, एका व्हिडिओत डबा शेडमध्ये जाऊन उलटा होतो, आणि पुढचा-मागचा डबा जोडलेलाच! कपलिंग सोडत नाहीत. हे कसं?

तिसरं, त्या जहाजावर एक लांबलचक दांडा आडवा टाकलेला होता. क्रेन म्हणावी तर हूक नाही, ग्रॅब (माल उचलायचा पंजा) नाही. ते काय?

जाणकारांनी सांगावं. गूगल करा म्हणू नये, गूगल करूनच इथे आलोय.

---

सात_रस्ता

काका, मधला ढीग तरी चालेल. आमच्या भागात नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारा. उजनीत पाणी आहे, जहाज नाही, नळालाही पाणी नाही.

असो, प्रश्न भारी आहे. बेल्टवाले अण्णा कुठंयत? त्यांना टॅग करतो.

---

बेल्टवाला (जुळे सोलापूर)

गार्डसाहेब, नमस्कार. आलो. माझी सगळी नोकरी कोल हँडलिंगमध्ये गेली, मराठवाड्यातल्या एका वीजकेंद्रात. टिपलर (डबा उपडा करायचं यंत्र), क्रशर, बेल्ट, स्टॅकर (ढीग रचायचं यंत्र). अंगाचा काळा रंग पेन्शनीनंतरसुद्धा उतरलेला नाही असं आमची मंडळी म्हणतात. सुपीरिअरला मी गेलेलो नाही, पण ह्या टर्मिनलबद्दल नोकरीत असल्यापासून वाचतोय, कारण आमच्या धंद्यात ते नावाजलेलं आहे.

आधी नकाशा काढा. माँटाना-वायोमिंग डावीकडे, डेट्रॉइट उजवीकडे, आणि मधोमध तळी. गाडीने डेट्रॉइटकडे जायचं तर लेक मिशिगनच्या खालून, शिकागोला वळसा घालून जावं लागतं. शिकागो म्हणजे अमेरिकेतली साधारण पाव हिस्सा रेल्वे-मालवाहतूक जिथून जाते ते जंक्शन. आपल्याला वाडी-दौंडचं माहीत आहे, त्याला शंभराने गुणा. उलट सुपीरिअरपर्यंत मैदानी रूळ, आणि तिथून पुढे पाणी थेट वीजकेंद्राच्या दारापर्यंत. ती केंद्रं सेंट क्लेअर नदीच्या काठावरच बांधलेली आहेत. सुपीरिअर ते तिथपर्यंत सातशे मैलांच्या आसपास, जहाजाला दोन-तीन दिवस.

हे टर्मिनल 1976 साली सुरू झालं, डेट्रॉइट एडिसन ह्या वीजकंपनीसाठी. त्यामागे 1970 चा हवाशुद्धीचा कायदा आहे. जवळच्या पूर्वेकडच्या खाणींतल्या बऱ्याच कोळशात गंधक जास्त. पश्चिमेच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्याही खाली. उष्णता कमी देतो, ओलावा पंचवीस-तीस टक्के, म्हणजे चार डब्यांत एक डबा तर पाणीच वाहून नेताय; पण गंधक कमी, राख कमी, आणि खाणीत थर इतका जाड की काढायला स्वस्त. लांबून आणूनसुद्धा परवडला तो ह्या कारणाने.

आता तुमचा मुख्य मुद्दा, मध्ये उतरवायचा कशाला. तुम्ही रेल्वेवाले, म्हणून तुम्हाला थांबलेला माल दिसला की पोटात दुखतं. मी ढिगावरचा माणूस, मला विचाराल तर ते टर्मिनल म्हणजे तो ढीगच. बाकी सगळं त्याच्या सेवेला.

हिशोब बघा. तिकडची एक गाडी सव्वाशेच्या आसपास डब्यांची, डब्यात शंभर टनांच्या वर. म्हणजे गाडीमागे तेरा हजार टन धरा. आपला रेक अठ्ठावन्न-एकोणसाठ डब्यांचा, चार हजार टनांचा. जहाज साठ हजार टनांचं. एका जहाजाला त्यांच्या साडेचार-पाच गाड्या लागतात. आपल्या म्हणाल तर पंधरा रेक. आपल्या इथलं 1320 मेगावॅटचं केंद्र पूर्ण भारावर चाललं तर त्याला दिवसाला चार-पाच रेक लागतात, म्हणजे एक जहाज आलं की तीन दिवसांची निश्चिंती. आता पाच गाड्या काय हातात हात घालून येत नाहीत. एखादी रात्री दोनला येणार, एखादी बर्फाने अडकणार. जहाज धक्क्याला लागलं की त्याला ताटकळत ठेवणं परवडत नाही. ढीग असला म्हणजे गाडी तिच्या सोयीने रिकामी होते, जहाज त्याच्या सोयीने भरतं, दोघांना एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही.

आणि हिवाळा. सुपीरिअर तळ्यातून खाली यायला सू इथली कुलपं (जहाज वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणारे दारांचे हौद) ओलांडावी लागतात, ती 15 जानेवारी ते 25 मार्च बंद. जहाजं दहा आठवडे बांधलेली. पण खाण बंद नाही, गाडी बंद नाही. ते दहा आठवडे कोळसा येतच राहतो आणि ढीग वाढत राहतो, मार्च सरला की उपसायला लागायचं. तिकडे वीजकेंद्रानेही जानेवारीआधी आपला ढीग करून ठेवलेला असतो. म्हणजे दोन्ही काठांना कोठार, आणि मधलं पाणी फक्त सवडीने वापरायचं.

प्रत्येक वेळी कोळसा उचलला-टाकला की पैसे जातात, चुरा होतो, धूळ उडते, हे तुमचं शंभर टक्के खरं. आमचे साहेब म्हणायचे, कोळसा हलवला नाही तोच स्वस्त. पण पाण्यावरची टन-मैलाची वाहतूक रूळावरच्यापेक्षा इतकी स्वस्त पडते की दोन वेळच्या उचलाउचलीचे पैसे काढून उरतात. अंतर शंभर-दीडशे मैलांचं असतं तर नसतं जमलं.

आता उलट्या डब्याचं. आपल्याकडे टिपलरवर डबा सुटा करावा लागतो. बॉक्स-एन एकेक करून आत ढकलायचा, क्लॅम्प लावायचे, कुशीवर उपडा करायचा, परत बाहेर. पावसाळ्यात चिकट कोळसा आला की डबा उपडा होतो आणि कोळसा आतच चिकटून राहतो. मग जाळीवर उभं राहून पहारीने, घणाने ठोकायचा. भाद्रपदात एका रात्रीत आमची अख्खी पाळी त्या जाळीवरच गेलेली आहे, हाताला फोड, आणि वर कंट्रोल रूमचं ‘किती झाले, किती झाले’. डेमरेजचं (रेक वेळेत रिकामा न केल्याच्या दंडाचं) मीटर चालू, ते वेगळं.

तिकडे प्रत्येक डब्याच्या एका टोकाला फिरतं कपलर असतं. त्याचा दांडा आपल्या आसाभोवती गर्रकन फिरू शकतो. टिपलरसुद्धा असा बसवलेला की डबा कपलरच्या रेषेभोवतीच फिरतो. मग शेजारचा डबा सरळ उभा राहिला तरी काही बिघडत नाही. सगळे डबे एकाच दिशेने जोडलेले हवेत, म्हणून फिरत्या टोकाला वेगळा रंग मारतात. व्हिडिओ परत बघा, दर डब्याच्या एकाच टोकाला रंगाचा पट्टा दिसेल. इंजिन चालवून डबा जागेवर आणत नाहीत. रुळाशेजारी एक दांडा असतो, तो डब्याला धरून अख्खी गाडी बरोबर एका डब्याइतकी पुढे ओढतो.

ढिगाबद्दल एक सांगायचं राहिलं. हा पश्चिमेचा कोळसा आपोआप पेटण्यात एक नंबर. ढिगात हवा खेळली की आत गरम होतो. तुम्ही दुर्बिणीतून डोझर पाहिलेत ना, ते नुसते ढकलत नव्हते, दाबत होते. थर पसरायचा, दाबायचा, परत थर. हवा बाहेर काढायची. आमच्याकडे हे काम कुणालाच मोठं वाटायचं नाही, डोझर बिघडला तर महिना महिना दुरुस्ती नाही, आणि मग उन्हाळ्यात ढिगाच्या बगलेतून धूर. धुराच्याही आधी वास येतो, डांबर आणि रॉकेल मिसळल्यासारखा. तो वास आला की आम्ही बेल्टवर पहारा वाढवायचो, कारण पेटता गोळा एकदा रबरी पट्ट्यावर चढला की बोगद्यासारख्या त्या गॅलरीत आग कुठवर जाईल सांगता येत नाही.

जहाजाचं मला नाही सांगता येणार. अक्कलकोट रोडचे आपले खलाशी आहेत इथे.

---

खारं_पाणी

हजर. अण्णा, खलाशी नाही ओ, इंजिन रूमवाला. आता घरीच असतो, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर.

होटगीकाका, तो आडवा दांडा म्हणजे बूम. साधारण अडीचशे फूट लांब, त्याच्यावर कन्व्हेयर बेल्ट. ही जहाजं स्वतःची स्वतः रिकामी होतात. खणाचा तळ सपाट नसून उतरता असतो, खाली दारं. दार उघडलं की कोळसा खालच्या बोगद्यातल्या बेल्टवर पडतो, बेल्ट त्याला जहाजाच्या एका टोकाला नेतो, तिथून वर चढवतो आणि बूमवर देतो. बूम काठाकडे फिरवला की कोळसा थेट वीजकेंद्राच्या ढिगावर. काठावर क्रेन नको, ग्रॅब नको, गँग नको. आठ-दहा तासांत साठ हजार टन खाली. होटगीकाकांच्या द्राविडी प्राणायामातला शेवटचा वेढा इथे कमी झाला बघा: उतरवायचा खर्च जवळजवळ जहाजातच बसवलाय.

ह्याची किंमत मला कळते, कारण मी सुरुवातीला आपल्या किनाऱ्यावरच्या कोळशाच्या जहाजावर होतो. हो, आपल्याकडेही हाच खेळ आहे! ओडिशातल्या तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीपला, तिथून जहाजाने चेन्नईजवळच्या एन्नोरला. एन्नोर बंदर 2001 मध्ये सुरू झालं तेच मुळात तामिळनाडूच्या वीजकेंद्रांच्या कोळशासाठी. तर आमच्या जहाजाला स्वतःचं काहीच नव्हतं, सगळं काठावरच्या यंत्रावर अवलंबून. ग्रॅब वरवरचा कोळसा भराभर उचलतो, पण खणाच्या कोपऱ्यातला राहतो. मग क्रेनने एक छोटा लोडर खणात सोडायचा, त्याने कोपरे खरवडून मधे ढीग करायचा, की परत ग्रॅब. शेवटचा दहावा हिस्सा काढायला जो वेळ जातो, बास. वरून डेकवर वाकून बघितलं की तळाशी लोडरचा दिवा तेवढा दिसायचा, धुळीत तो लोडरही दिसत नसे.

मग समुद्रावर सगळीच जहाजं तशी का नसतात? कारण बेल्ट-बोगद्यांनी जागा खाल्ली, वजन वाढलं, दुरुस्ती वाढली. तीन-तीन आठवड्यांच्या सफरीत एकदाच उतरवायचं असेल तर ते ओझं फुकट वाहायचं. तळ्यांवर दोन-तीन दिवसांची फेरी, हंगामात सतत भरा-ओता, तिथे वसूल होतं.

दोन गमती. एक, ही हजार फुटी जहाजं त्या तळ्यांतून कधीच बाहेर पडू शकत नाहीत. वरच्या तळ्यातून खालच्यात उतरायला सूचं पो नावाचं कुलूप 1200 फूट लांब, 110 फूट रुंद. जहाज 105 फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट, एवढं साठ हजार टनांचं धूड हळूहळू आत घ्यायचं. उतार साधारण एकवीस फुटांचा, आणि पंप वगैरे काही नाही. दारं आणि झडपा उघड-बंद केल्या की पाणी आपल्या वजनाने खाली. पण पुढे समुद्राकडे जाणारी कुलपं साडेसातशे फुटांच्या आसपासची. जन्म तळ्यात, मरणही तळ्यात. शिवाय अमेरिकेच्या 1920 च्या कायद्याने त्यांच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन झेंड्याचं आणि अमेरिकन माणसांचंच हवं. त्यामुळे आमच्यासारख्यांना तिथे नोकरी नाही, चौकशी करून झालीय.

दुसरी, पाणी गोडं. मीठ नाही म्हणून पत्रा लवकर सडत नाही. 1952 सालचं आर्थर एम. अँडरसन अलीकडेपर्यंत फेऱ्या मारत होतं. आमच्या समुद्रातलं जहाज पंचविशीत भंगारात जातं, मी स्वतः गंज ठोकून ठोकून कंटाळलोय.

---

सात_रस्ता

म्हणजे उजनीत जहाज टाकलं तर गंजणार नाही. नोंद घेतली.

पण मस्करी सोडा, एक विचारतो. ती धूळ? आमच्या मावशीचं घर होटगी रोडला आहे, गच्चीवर कपडे वाळत घातले की ती रेल्वेला शिव्या देते. तिथल्या गावाला त्रास नाही?

---

बेल्टवाला (जुळे सोलापूर)

त्रास असतोच, तळ्याकाठी वारा किती असेल बघा. उपाय तेच सगळीकडचे: ढिगावर पाणी मारायचं, बेल्ट झाकून न्यायचे, जिथे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर कोळसा पडतो तिथे फवारे. सगळ्यात जास्त धूळ त्या पडण्याच्या जागी होते, ढिगावर नाही. आमच्या इथे फवाऱ्यांची तोंडं पहिल्याच वर्षी तुंबली आणि पुढे कुणी बघितलं नाही. उपाय माहीत नसतो असं नाही, रोज करायचा असतो ते जड जातं. मावशींच्या कपड्यांचा दोष मात्र नक्की कुणाचा ते मी घरात बसून सांगणार नाही, तिथे रस्त्याची धूळही काही कमी नाही.

---

होटगी_लूप

अण्णा, खारंपाणी, दोघांनाही मनापासून धन्यवाद. जावयांना वाचून दाखवलं, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, ऐकायला आवडतं.

दोन शंका शिल्लक. कपलर फिरतं हे पटलं. पण ब्रेकचा पाइप? डब्या-डब्यांतला हवेचा होज न सोडता डबा उपडा केला तर तो तुटायला हवा. आमच्याकडे होज नुसता लोंबकळला तरी गाडी जागेवर उभी. आणि दुसरं, तिकडे उणे वीस-पंचवीसला कोळसा डब्यात दगड होत नाही का? तुमचा पावसाळ्यातला घण मला तिथे हिवाळ्यात दिसतोय.

ता.क. त्यांच्या गाडीला मागे गार्डचा डबा नव्हता. शेवटच्या डब्याच्या कपलरला एक पेटी अडकवलेली, लुकलुकणारा दिवा. हवेचा दाब ती पेटीच इंजिनला कळवते म्हणे. आपल्याकडेही आता तेच येतंय. मला काही बरं वाटलं नाही, पण माझं कोण ऐकतंय.

---

बेल्टवाला (जुळे सोलापूर)

वा, गार्डचाच प्रश्न!

होज तुटत नाही, कारण तो कपलरच्या अगदी जवळ असतो आणि डबा त्याच रेषेभोवती फिरतो. होजचं एक टोक फिरणाऱ्या डब्याबरोबर जातं, दुसरं जागेवर, म्हणजे त्याला पीळ बसतो, ताण बसत नाही. डबा पूर्ण गोल फिरवत नाहीत, अर्ध्या फेऱ्याच्या आत-बाहेर फिरवतात आणि त्याच वाटेने परत आणतात. तेवढा पीळ रबर सहन करतं. तेच पाइप डब्याच्या कडेला असते तर पहिल्याच डब्याला फाटले असते. तुमच्या त्या पेटीचं मी काही बोलत नाही, सात रस्त्याला चहा घेऊ तेव्हा तुमचं सगळं ऐकून घेईन.

गोठण्याचं खरं आहे. कोळशाच्या आतलं पाणी फारसं छळत नाही, वरवरचा ओलावा आणि बर्फ छळतो, तोच कणांना एकमेकांना चिकटवतो. म्हणून खाणीवर भरतानाच कोळशावर न गोठणारं द्रावण फवारतात, डब्याच्या आतल्या बाजूलाही मारतात. काही ठिकाणी गाडी रिकामी करण्याआधी डबे गरम शेडमधून काढतात, बाहेरचा थर सुटला की बाकीचा गठ्ठा आपसूक खाली येतो. तरी गठ्ठे पडतातच, मग जाळीवर फोडायला यंत्र असतं.

आणि एक बातमी, तुम्ही तिथे जाऊन आलात म्हणून. ऐन भराच्या वर्षांत त्या धक्क्यावरून वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास कोळसा जायचा. आता ते राहिलेलं नाही. ज्या केंद्रांसाठी हे उभारलं त्यातलं सेंट क्लेअर 2022 मध्ये बंद झालं, शेजारचं बेल रिव्हर गॅसवर नेण्याचं ठरलं आणि कामाला लागले. गॅस पाइपलाइनने येतो, त्याला ढीग लागत नाही, टिपलर लागत नाही, बूम लागत नाही. पुढच्या वेळी डुलुथला गेलात तर दुर्बीण घेऊन जा आणि ढिगावर डोझर किती फिरतायत ते इथे कळवा.